लुगड्यातले दोन तास

वेणूबाई,

मंगळवारी ऑफिसात तुमची शोकसभा झाली. ठराव लिहायचं काम माझ्याकडं आलं. अक्षर माझं बरं, आणि मोठमोठे शब्द माझ्याजवळ कायम पडून असतात, हे सगळ्यांना ठाऊक. मी लिहिलं, ‘कैलासवासी वेणूबाई या अत्यंत सोशिक, मितभाषी व कोणाविषयीही तक्रार नसणाऱ्या होत्या.’ उभा राहून वाचायला लागलो. ‘मितभाषी’वर आलो आणि मागून भागरथी खदकन हसली. आपली डेपोवरची भागरथी, बांबूचे गठ्ठे बांधणारी. शोकसभेत कोण हसलं म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या. तिनं पदर तोंडावर घेतला, पण खांदे हलायचे थांबेनात. त्या सभेत तुम्हाला शोभेल असं कोणी काही केलं असेल तर ते तिनंच.

पुढचा विषय मॅनेजरसाहेबांनी स्वतः मांडला. म्हणाले, "आता ऑफिसात बाईमाणूस कोणी नाही. तेव्हा डेपोमागचा तो आडोसा मंडईची जत्रा झाली की काढून टाकू. ती जागा आगीच्या वाळूच्या बादल्यांना बरी पडेल." भागरथी आणि तिच्यासारख्या पंधरा-वीस रेजा, मजूर बाया, दिवसभर त्या डेपोवर राबतात, त्या बाईमाणसांत मोजल्या गेल्या नाहीत. हात वर करून मंजूर. माझा हात? माझा हात अर्धा वर होता. त्यात ठरावाचा कागद होता म्हणून तो वर होता, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "दुसरा हात कुठी होता?"

चार तट्ट्यांचा आडोसा. तो मिळवायला तुम्ही काय केलंत आणि त्यात मी काय काय घाण करून ठेवली, ते लिहायला बसलो आहे. माझ्या ठरावाला मीच सुचवलेली ही दुरुस्ती आहे, असं धरा.

तुम्ही आलात तेव्हा आपण अजून मध्यप्रदेशात होतो. आपण म्हणजे सगळाच चांदा जिल्हा. आता मुंबई राज्यात आहोत. पाटी बदलली, ऑफिसातल्या खुर्च्या त्याच. वैनगंगेकाठच्या मासे धरणाऱ्या ढिवराची पोरगी मॅट्रिक होते आणि चामोर्शीला लाकडाच्या कंपनीत आवक-जावकाची कारकून म्हणून येऊन बसते, हे बघायला पहिल्या आठवड्यात लोक उगाच टपालाची चौकशी करत यायचे. मला तुमची दया आली. मी पुढं होऊन धीर दिला.

"घाबरू नका. मी दहा वर्षं नाटकात स्त्रीपार्टी करतो आहे. तीन वेळा सती गेलो, दोनदा विहिरीत उडी घेतली. बाईचं मन मला बाईपेक्षा जास्त कळतं."

तुम्ही टाक खाली ठेवला. "हो काय जी भाऊ? मंग सांगा बरं, मी सकाळपासून पानी काऊन नाई पेली?"

मी विचार केला. डोळे मिटून, स्त्रीपार्टीसारखा. "एकादशी!"

"तसंच म्हना," तुम्ही म्हणालात आणि टाक उचललात.

त्या दिवशी एकादशी नव्हती हे घरी गेल्यावर कळलं. पण माघार घेईल तो नट कसला? मी ठरवलं, तुमचं काहीतरी खास व्रत असणार. दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसभर सांगत सुटलो की वेणूबाई दिवसभर निर्जळी करतात. आठ दिवसांत ते डेपोवर गेलं, पंधरा दिवसांत गावात. साहेब पाहुण्यांना तुमचं टेबल दाखवून म्हणू लागले, "आमच्या बाई फार धार्मिक. ऑफिसच्या वेळात पाण्याचा थेंब नाही." एका ठेकेदारानं तुमच्या टेबलावर नारळ ठेवला आणि औंदा मुलगा होईल का म्हणून हात जोडले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "अर्ज द्या जी, आवक करून घेते." मला वाटलं, काय ही नम्रता.

नम्रता! चैत्रात तुम्ही टेबलावरच कलंडलात. मी पाण्याचा लोटा घेऊन धावलो, तुम्ही दात आवळून धरलेले. मी आपला ओरडतो आहे, "व्रत सोडा बाई, देव माफ करेल!" तेवढ्यात गठ्ठ्यांची पावती घ्यायला आलेली भागरथी आत शिरली आणि तिनं माझ्या हातातला लोटा हिसकून घेतला.

"कायचं व्रत जी? तुमी जाता सागाच्या थप्पीमागं, उभे राह्यले का झालं. आमी कुठी जावं? इथी जागा हाय काय? मनून आमी पानीच नाई पेत. बाई बी नाई पेत. अन् तुमी गावभर कीर्तन करून राह्यले!"

वेणूबाई, त्या डेपोत जिथवर नजर जाईल तिथवर बांबू उभा आणि आडवा पडलेला असतो. त्याच बांबूच्या चार तट्ट्या एका कोपऱ्यात उभ्या करायच्या, एवढंच काम. मी तावातावानं साहेबांकडं गेलो. साहेबांनी मान डावीकडं कलती केली, डोळे अर्धे मिटले, तळहात छातीवर ठेवला आणि म्हणाले, "समजतो. मी समजतो." मी भारावून परत आलो. तुम्हाला म्हणालो, "झालं काम. साहेबांना समजलं."

पुढं तुम्ही चार अर्ज केलेत. तुमचेच अर्ज तुम्हीच तुमच्या रजिस्टरात चढवलेत, तुम्हीच त्यावर आवक नंबर टाकलात, तुम्हीच आत नेऊन ठेवलेत. चारही वेळा मान डावीकडं, डोळे अर्धे, तळहात छातीवर. चौथ्या वेळी तुम्ही बाहेर आलात ते हसत. मला ते हसू अजून आठवतं. सुरीला धार लावताना माणूस स्वतःशी हसतो तसं. म्हणालात, "भाऊ, या मानसाले सारंच समजते. आता याले नाटकात घालावं लागते."

महिन्याभरात वही तयार. नाव काय, तर ‘समजते, समजते!’

आजही सांगतो, तसं नाटक मी पाहिलं नव्हतं. एका ऑफिसात दिगंबर नावाचा हेडक्लार्क. हाताखालच्या बाईची प्रत्येक गोष्ट त्याला ‘समजते’, देत मात्र काहीच नाही. एक दिवस यादी लिहिताना कोणाच्या तरी हातून त्याच्या नावामागं ‘श्री’ऐवजी ‘श्रीमती’ पडतं. यादीवर सही होते. सही झाली म्हणजे खरं झालं. दुसऱ्या दिवशी दिगंबरला लुगडं नेसून यावं लागतं. त्याला चहा करायला लावतात, हस बाई हस म्हणतात, त्याची खुर्ची कपाटामागं नेतात. तो दुरुस्तीचा अर्ज करतो, तर अर्जावर नवऱ्याची सही मागतात. त्याला जायला जागा नसते. सगळे येऊन विचारपूस करतात, चेहरा सुकला म्हणून पाणी पाजतात, ‘समजते, समजते’ म्हणतात आणि निघून जातात. असं होता होता दिगंबर खुर्चीतच मरायला टेकतो. शेवटी दुरुस्तीचा हुकूम येतो, त्यात ‘श्रीमती’ खोडून ‘कै.’ केलेलं असतं.

मी हसता हसता खुर्चीवरून पडलो आणि मग वही दुरुस्त करायला घेतली. तिथून आपलं भांडण सुरू झालं. तुम्ही लिहिलं होतं, ‘मले जायाचं हाय.’ मी खोडून लिहिलं, ‘मज प्रयाण करणे आहे.’ तुम्ही वही माझ्या हातातून ओढलीत. "कोन प्रयाण करते जी, इतकी घाई लागल्यावर?" मी रंगभूमीच्या भाषेवर व्याख्यान दिलं. तुम्ही म्हणालात, "आमच्या बोलीत बोललं तं लोकाहीले आपल्या घरचं वाटन. तुमच्या बोलीत बोललं तं देवाधर्माचं वाटन, अन् हात जोडून घरी जातीन." त्या वेळी मी हरलो, पण कबूल केलं नाही. आता करतो. तुमचं बरोबर होतं. फार उशिरा का होईना.

दिगंबरचं काम अर्थात माझं. मी दोन अटी घातल्या. एक, पाणी पाजण्याच्या प्रवेशात मला एक पद हवं, कारण माझ्या गळ्यासाठी लोक लांबून येतात. दोन, गिलासात खरं पाणी हवं. तुम्ही बजावलंत, "रिकामा गिलास घ्या जी भाऊ. मी सांगून राह्यली." मी छाती काढली. "बाई, मी खरा नट आहे. खोटं पाणी मी पीत नाही."

तुमची अट एकच होती. नाटक दिवसाउजेडी करायचं. नाटकातली मंडळी खवळली. मंडईचं नाटक रात्रीचं, ते दिवसा? तुम्ही म्हणालात, "ऑफिस दिवसा चालते. अन् दिवसा असन तं बाया येतीन." मग दिवसाच ठरलं.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, धानाच्या गिरणीच्या आवारात. फळ्या डेपोच्या, पडदा उसना. उजवीकडं गडीमाणसं, डावीकडं बायाच बाया; जितक्या बाया मी सती जाताना कधी आल्या नव्हत्या. समोर खुर्चीवर साहेब, बायांच्या पुढच्या ओळीत त्यांच्या बाईसाहेब. मी बायकोचं नऊवारी कासोटा घट्ट मारून नेसलो होतो. तुम्ही विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला.

पहिल्या प्रवेशापासून हशा. मग पाण्याचं पद आलं. चार जण चार गिलास घेऊन येतात, एका कडव्याला एक गिलास. मी चारही गिलास घटाघटा प्यालो, शेवटची तान घेतली आणि उजवीकडून आरोळी उठली, "वन्स मोअर!" झाडीपट्टीतल्या नटाला वन्स मोअर म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही विंगेतून कुजबुजलात, "पुढं चला, भाऊ, पुढं चला." मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा चार. पुन्हा वन्स मोअर. बायांच्या बाजूनंही आला या वेळी, मी कसा सोडीन? पुन्हा चार. बारा गिलास, वेणूबाई. नट खरा होता, पाणीही खरं होतं.

दुसऱ्या अंकात माझा आवाज बारीक होऊ लागला. पाय एकमेकांत गुंतू लागले. लोकांना वाटलं, काय अभिनय! मी गुडघे आवळले की हशा. कपाळ पुसलं की टाळी. ‘मले जायाचं हाय’ हे वाक्य वहीत तीनदा होतं, मी ते नऊदा म्हटलं, आणि प्रत्येक वेळी ते अगदी तुमच्या बोलीत आलं. शेवटचा प्रवेश. खुर्चीत बसून दिगंबरनं शेवटचं बोलायचं. मी बसलो. तोंड उघडलं. "साहेब..." म्हणालो, आणि उठून पळालो.

उजवीकडं पळालो तर गडी ओरडले, "वो बाई! तिकडं! इकडं गडीमाणसं हायत!" डावीकडं वळलो तर बाया उठल्या, "भाऊ, इकडं काऊन शिरून राह्यले? लाज नाई काय?" मागं गिरणीची भिंत. समोर साहेब. ऊन लख्ख पडलेलं. अंधार असता तर पुरुष कुठंही पुरुष होतो. त्या दुपारी मी दोन्हीकडून हाकललेला होतो. कासोटा सुटेना. आवाराबाहेर गेलो तर धान कापून झालेलं, नुसती धसकटं, लपायला कंबरभर गवतसुद्धा नाही. बांधामागं पोचलो. पुढचं लिहीत नाही. ते लुगडं बायकोनं परत घेतलं नाही, एवढं पुरे.

तिथं, बांधामागं, ओल्या लुगड्यात उकिडवा बसलेलो असताना मला पहिल्यांदा काही समजलं. हसू येण्यासारखंच आहे. दहा वर्षं स्त्रीपार्टी करून जे नाही, ते दोन तासांत.

गिरणीकडून हशाचा लोंढा येत होता. तो एकाएकी थांबला. आणि मग लांबून तुमचा आवाज आला. तुम्ही वही घेऊन विंगेतून बाहेर आला होतात, माझ्या खुर्चीत बसला होतात आणि दिगंबरचं बोलत होतात. आपल्याकडं बायका स्टेजवर येत नाहीत. तुम्ही आलात. सगळ्या तालुक्यानं पाहिलं. नाटकाचा नायक तेवढा बांधामागं होता. भागरथीनं नंतर सांगितलं, तुम्ही वही उघडलीच नाही. मांडीवर ठेवलीत आणि सरळ साहेबांकडं बघून बोललात. मला वाऱ्यावरून तुटक तुटक ऐकू आलं, शेवटचं मात्र पूर्ण.

"साहेब, तुमी सारे मले समजता. समजून समजून तुमी माह्या वाटंत उभे राह्यले. आता मले समजू नोका जी. बाजूले सरा."

  टाळी बायांकडून सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागरथीनं कोणाला न विचारता डेपोतले बांबू काढले. दहाच्या आत आडोसा उभा. तुम्ही टेबलावर पाण्याचा गिलास ठेवलात आणि सगळ्यांदेखत प्यायलात. साहेबांनी खिडकीतून आडोसा पाहिला आणि म्हणाले, "छान, छान." आदल्या दिवशी हात दुखेस्तोवर टाळ्या त्यांनीच वाजवल्या होत्या. दिगंबर म्हणजे हेडऑफिसातले बडे साहेब, अशी त्यांची पक्की समजूत होती.

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते सांगतो.

ती समजूत मी मोडली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला चहाला बोलावलं, अभिनयाची तारीफ केली. मला स्तुती मानवत नाही. ती डोक्यात जाऊन जिभेवाटे बाहेर पडते. मी म्हणालो, "साहेब, मेहनत फार घेतली. मान डावीकडं, डोळे अर्धे, तळहात छातीवर... महिनाभर तुमचं निरीक्षण करत होतो. वेणूबाईंनी तर हुबेहूब तुम्हालाच लिहिलंय!" मला वाटलं, ते खूश होतील. देवाशपथ, मला तसंच वाटलं. साहेबांनी कप बशीत ठेवला. मान डावीकडं कलती केली. म्हणाले, "समजलं."

आठव्या दिवशी तुमच्या बदलीचा हुकूम आला. सिरोंचा डेपो, जिल्ह्याच्या पार टोकाला. कारण लिहिलं होतं, ‘एकट्या बाईस नदीकाठची हवा मानवेल.’ हुकूम तुम्हीच रजिस्टरात चढवलात.

लाकडाच्या ट्रकनं तुम्ही गेलात, ड्रायव्हरशेजारी बसून, ट्रंक मांडीवर. मी पोचवायला आलो ते कबूल करायलाच. तोंडातून निघालं, "प्रकृतीला जपा." तुम्ही म्हणालात, "नाटकाची वही धाडून द्या जी भाऊ. तिथी बी करीन म्हनते. अन् हो, दुरुस्त नोका करू." ट्रक हलला. तुम्हाला ठाऊक होतं का, कोणी सांगितलं ते? दोन वर्षं मी हा प्रश्न घोळवतो आहे. तुमच्या एकाही पत्रात त्याबद्दल शब्द नव्हता. ठाऊक असून माफ केलं असेल, तर ते मला नको आहे. तुम्ही माझ्याशी भांडायला हवं होतं, तो माझा हक्क होता.

सिरोंच्याहून पहिलं पत्र आलं त्यात होतं: ‘इथंही आडोसा नाही. इथले साहेब तेलुगू आहेत, अर्थमैंदी, अर्थमैंदी म्हणतात, म्हणजे समजलं, समजलं. भाषा बदलली, मान तेवढीच कलते. वही पाठवा.’ पुढच्या पत्रात: ‘वही?’ त्याच्या पुढच्यात नुसतं प्रश्नचिन्ह, पूर्ण पानभर मोठं. मी वही पाठवली नाही. मी ती दुरुस्त करत होतो. तुमची बोली तशीच ठेवून, फक्त माझ्या पदाचं आणखी एक कडवं वाढवून. दोन वर्षं एक कडवं जुळेना.

बातमी ट्रकच्या ड्रायव्हरनं आणली. सागाचे ओंडके उतरवता उतरवता तो म्हणाला, "तुमची ते टपालवाली बाई गेली ना जी. पाय सुजलेते, तोंड सुजलं होतं. कागदावर मूत्रपिंड लिहून होतं मने." नद्यांना पाणी होतं, वाट बंद होती, बातमी इथं पोचेपर्यंत तुमचे दिवसही होऊन गेले होते. मी डॉक्टर नाही. वर्षानुवर्षं पाणी न पिण्याचा आणि मूत्रपिंडाचा काय संबंध, हे मी सांगू शकत नाही. पण ‘सोशिक’ हा शब्द लिहिणारा हात माझा होता आणि त्या हाताला मी आता हे लिहायला लावतो आहे: वेणूबाई सोशिक नव्हत्या. त्यांनी एक दिवसही सोसून घेतलं नाही. चार अर्ज, एक नाटक, एक आडोसा आणि सिरोंच्यात पुन्हा पहिल्यापासून सगळं. सोसलं ते शरीरानं, आणि तेही त्यांना न विचारता.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी मंडळींना गोळा केलं. ‘समजते, समजते!’ या मंडईला पुन्हा लावायचं, दिवसाउजेडी, त्याच आवारात, आडोसा पाडायच्या आधी. संध्याकाळपर्यंत साहेबांचा निरोप आला. नाटकाला हरकत नाही, फळ्याही मिळतील, फक्त शेवट गोड करा. साहेबाला पश्चात्ताप होतो, तो दिगंबरला पाणी पाजतो, असा. आमच्यातल्या दोघांना ते पटलंसुद्धा. "काय हरकत हाय? तू तं नाई तरी सारं बदलवतच राह्यतं," म्हणाले.

खरं आहे. उभ्या आयुष्यात मी दुसऱ्याचं एक वाक्य जसंच्या तसं बोललेलो नाही. पण हे बोलणार. निरोप घेऊन आलेल्या शिपायाला सांगितलं, शेवट बदलणार नाही. तो म्हणाला, "भाऊ, तुमाले बी सिरोंच्याले धाडतीन." म्हटलं, "ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी जागा असते." बायकोला घरी येऊन हे सांगितलं. मग उठून तिनं पेटीतून एक लुगडं काढलं आणि माझ्यापुढं टाकलं. नवंकोरं.

गिलास रिकामे ठेवणार आहे. पद काढून टाकलं. मी दिगंबर करेन, शेवटच्या प्रवेशापर्यंत. तिथून मी उठणार आणि खुर्ची मोकळी करणार. तिथं बाईच हवी. दुसरं कोण? वही घेऊन मी डेपोवर गेलो. भागरथी बांबूच्या फाट्या सोलत होती. मी शेवटचं पान वाचून दाखवलं, तुमच्या आवाजात म्हणा हवं तर, स्त्रीपार्टीच तो.

तिनं कोयता न थांबवता ऐकलं. "चांगलं हाय," म्हणाली.

"मग पाठ करतेस?"

"नाई."

"अगं, का?"

"हे बाईचं हाय जी. बाई खुर्चीत बसे. मले खुर्ची कोनं देल्ली? मी हे नाई म्हनत. मी माह्यं म्हनीन."

"काय म्हणशील?"

"तवाच सांगन."

"साहेब समोर असतील, भागरथी. हे काम जाईल."

"जाईन तं जाईन. उरलेल्या तं इथीच राह्यतीन ना? त्याहीले लागन तो आडोसा."

मी हरलो. मग सवयीनं म्हणालो, "निदान मला सांग तरी, वहीत लिहून घेतो, तालीम तरी करू."

"तालीम कायची? रोजचं तं हाय." तिनं बांबू उलटा केला. "अन् लिहू बिहू नोका. जा आता, काम करू द्या."

तेव्हा वेणूबाई, तुमचं शेवटचं पान या वर्षी कोणी बोलणार नाही. रागवाल तर भागरथीवर रागवा, माझा यात काही हात नाही. आयुष्यात पहिल्यांदा खरोखरच नाही. मंडईला चार दिवस उरले आहेत. ती काय बोलणार हे साहेबांना ठाऊक नाही, मला नाही, तुम्हालाही नाही. ती बोलायला लागेल तेव्हा मी विंगेत उभा असेन, आणि ती अडली तर पुढचा शब्द द्यायला माझ्याजवळ काही नसेल.